शेडमध्ये उभ्या गाडीची काच तडकते तेव्हा

मार्चमधली गोष्ट. नागपुरात अवकाळी पाऊस पडून गेला होता. हिंगणा रोडवरच्या शेडमध्ये माझ्या मावसभावाने स्वतः बांधलेली गाडी उभी होती. पाइपची चेसिस, त्यावर फायबरग्लासची बॉडी आणि जुन्या मारुती 800 चं 796 सीसी इंजिन. महिन्याभरापूर्वी समोरची काच बसवली होती. सकाळी शटर उघडलं, तर खालच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला एक तडा वळण घेत थेट मधोमध आलेला. दगड नाही, धक्का नाही, रात्रभर शेडमध्ये कुणी नव्हतं.

काच बसवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी तड्याकडे पाहिलंच नाही, कोपऱ्यातल्या पट्टीवर बोट ठेवलं. "ती तडकली नाही भाऊ, तुम्ही तडकवली. स्क्रू काऊन एवढे कसले?"

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, फक्त काचेने त्यासाठी महिना घेतला होता.

हिशोबाने पाहिलं तर काच फार मजबूत असायला हवी. अणूंमधले बंध मोजले तर ती पोलादालाही लाजवेल. प्रत्यक्षात ती त्याच्या शंभराव्या हिश्श्यालाही मोडते. याचं उत्तर 1921 साली ए. ए. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने दिलं. काचेच्या पृष्ठभागावर, आणि त्याहून जास्त तिच्या कापलेल्या कडेवर, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. ताण पडला की तो सगळा ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो. लोखंड तिथे थोडं वाकून ताण पचवतं. काचेला वाकता येत नाही, ती फाटत जाते.

आमची चौकट किंचित पिळलेली होती. काच नुसती ठेवली तेव्हा एक कोपरा, एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा, डुगडुगत होता. आम्ही काय केलं? पट्टी लावली, स्क्रू कसले, डुगडुगणं थांबलं. म्हणजे तो ताण आम्ही काचेत कायमचा कोंडून ठेवला. तेवढ्या ताणाने ती लगेच फुटली नाही, कारण पुढच्या कामाला तिला पाणी लागतं. हवेतली वाफ ओरखड्याच्या टोकापर्यंत पोचते आणि सिलिकॉन-ऑक्सिजनचे ताणलेले बंध एकेक करून तोडते. ओरखडा कणाकणाने वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे गेला की क्षणात धावतो. अवकाळी पावसाने शेडमध्ये ओल आणली, हवा गार झाली. बाकीचं काम आम्ही आधीच करून ठेवलं होतं.

दुसरी काच आणायला आम्ही दोघं गेलो. समोरची काच लॅमिनेटेडच हवी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 100 मध्येच आहे, आणि तिच्यातून किमान 70 टक्के प्रकाश आत यायला हवा. टफन्ड काच ताकदवान असते खरी, पण फुटली की तिचे बारीक दाणे होतात आणि त्याआधी समोरचं सगळं पांढरं दिसतं. चालत्या गाडीत तो एक क्षणही परवडत नाही. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल नावाचा पारदर्शक, चिवट पदर असतो. काच तडकते, पण तुकडे त्याला चिकटून राहतात. ही कल्पना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तूस यांना 1903 मध्ये सुचली. फळीवरून चंबू पडला, फुटला, पण तुकडे विखुरले नाहीत, कारण आत सुकलेल्या सेल्युलोज नायट्रेटचा थर होता. दुकानात एक गोष्ट जरूर विचारावी. गाडीच्या काचेत हा पदर साधारण 0.76 मिलिमीटरचा असतो, घरांच्या काचेत बरेचदा त्याच्या निम्मा. दिसायला दोन्ही सारख्याच.

आमची काच सपाट होती, म्हणून ती कापता आली. असल्या गाड्यांची आजी म्हणावी अशी 1957 ची लोटस सेव्हनही सपाट काचेचीच होती. वळणदार काच कापायच्या भानगडीत घरच्या माणसाने पडूच नये. कापायची रीत बघण्यासारखी असते. कारागिराने एका बाजूने हिरकणी, म्हणजे काच कापायचं अवजार, ओढली, उलटवून बरोबर त्याच रेषेवर दुसऱ्या बाजूने ओढली, हलक्या हाताने दोन्ही काचा मोडल्या. मधला पदर मात्र तसाच धरून. मग त्याने त्या चिरेत स्पिरिट सोडलं आणि काडी लावली. निळसर ज्योत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेली, पदर मऊ झाला, त्यात ब्लेड घालून त्याने तो लोण्यासारखा कापला. नंतर अर्धा तास पाणी लावून कडा घासल्या. हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा, कारण ग्रिफिथचे ओरखडे तिथेच असतात.

आता बसवायची कशी? चाचांचं मत रबराच्या बाजूने. अँबॅसिडरच्या काळात तसंच चालायचं. रबराच्या खाचेत सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, एकाने बाहेरून थापट्या मारायच्या, दुसऱ्याने आतून सुतळी ओढत रबराची ओठपट्टी चौकटीवर चढवायची. पण रबराला चौकटीची कड सगळीकडे एकाच जाडीची लागते. आमची फायबरची कड कुठे तीन मिलिमीटर, कुठे सहा. मग चिकटवायचं ठरलं, पॉलियुरेथेन नावाच्या चिकटद्रव्याने.

इथे थोडा हिशोब. तापमान एक अंशाने वाढलं की काच मीटरमागे सुमारे 9 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढते, पोलाद 12. फायबरग्लास, रेझिन किती वापरलं त्यावर, 25 च्या आसपास. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे 10 अंश आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची बॉडी 70 अंश, म्हणजे 60 अंशांचा फरक. 1.3 मीटर रुंदीच्या काचेला बॉडी सव्वा मिलिमीटरने मागे टाकते, एकेका बाजूला सहा दशांश. चिकटद्रव्याचा थर एक मिलिमीटरचा असेल तर त्याला स्वतःच्या जाडीच्या 60 टक्के तिरकं ताणलं जावं लागेल. सहा मिलिमीटरचा असेल तर 10 टक्के, आणि तेवढं तो वर्षानुवर्षं हसत सोसतो. म्हणून कडेने रबराचे ठोकळे ठेवायचे आणि काच दाबून पार टेकवायची नाही. चौकटीचा पीळही तोच थर गिळतो. पहिल्या वेळी जे काम आम्ही स्क्रूला सांगितलं होतं, ते या मऊ थराचं आहे.

मुहूर्त निघाला ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. भावाने शेडमध्ये कूलर आणून ठेवला. त्याचा युक्तिवाद असा: हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, ट्यूबवर 23 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असं छापलंय, आणि इथे 20 टक्केसुद्धा मुश्किलीने. पहिला भाग खरा आहे. पॉलियुरेथेनमधले आयसोसायनेट गट पाण्याशी जुळतात, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि साखळ्या एकमेकींत गुंततात. जे पाणी पहिली काच खात होतं तेच दुसरी धरून ठेवणार होतं.

दुसऱ्या भागात मात्र टक्क्यांनी त्याला फसवलं. गरम हवेत वाफ मावतेच जास्त. 23 अंशांच्या 50 टक्के हवेत घनमीटरमागे सुमारे 10 ग्रॅम पाणी असतं. 42 अंशांच्या 20 टक्के हवेत? सुमारे 11. घसा कोरडा पडतो तो आपला, ट्यूबमधल्या मालाला काही कमी पडत नाही. उलट उन्हाळ्यातली अडचण वेगळी असते. तापलेल्या कडेवर सालपट इतक्या लवकर धरतं की काच टेकवेपर्यंत उशीर होतो. खरं सांभाळायचं ते डिसेंबरच्या रात्री. 10 अंशांची हवा अगदी ओथंबलेली असली तरी तिच्यात साडेनऊ ग्रॅमच्या आतच पाणी, वर थंडीने सगळी प्रक्रियाच मंदावलेली.

कूलर आम्ही आमच्यासाठी चालू ठेवला आणि काच पहाटे पाचला बसवली. आधी कड पुसली, प्रायमर लावला. उघड्या उन्हाने पॉलियुरेथेन कुजतं. कारखान्याच्या काचेला त्यासाठी काळी किनार असते, आमच्या काचेला नव्हती, म्हणून तो काळा प्रायमर दोनदा. मग नळीच्या तोंडाला त्रिकोणी खाच कापून उभी धार ओढली, काच ठेवली, तळव्याने हलके दाबली आणि उतारावरून घसरू नये म्हणून मास्किंग टेप लावली. ओलावा दोन्ही कडांनी आत शिरतो आणि जसजसा आत जातो तसतसा मंदावतो. पहिल्या दिवसात तीन मिलिमीटर घट्ट झालं तर पाच मिलिमीटरला जवळपास तीन दिवस लागतात. तोवर गाडी हलवायची नाही, हे भावाला मी तीन दिवस रोज सांगत होतो.

रस्त्यावर ती तशीही जाणार नाही. स्वतः बांधलेल्या गाडीची नोंदणी चाचण्यांच्या इतक्या पायऱ्यांतून जाते की त्यावर वेगळा लेख होईल. ती काटोलकडच्या मामांच्या संत्र्याच्या बागेत फिरते.

गेल्या आठवड्यात भावाने फीलर गेजच्या पट्ट्या जोडून काचेची कड आणि बॉडी यांच्यातली फट मोजली. पहाटे पाच मिलिमीटरची जोडी जेमतेम शिरली. दुपारी एकला, बॉडीला हात लावता येत नव्हता तेव्हा, तो पातळ पट्ट्या काढून तयारच होता, कारण बॉडी फुगली की फट बुजेल असं त्याला वाटत होतं. तीच पाचची जोडी सैल सरकली, आणखी 0.3 ची पट्टी घातली तेव्हा कुठे ती अडकली. खिडकीचं भोकसुद्धा बॉडीबरोबर मोठं होतं, हे त्याला पटायला आणखी एक दुपार गेली.