जुना फोन विकायची घाई करू नका : फोन बदलणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बर्डीवरच्या आमच्या दुकानात दिवाळी आणि लग्नसराई या दोन टायमाला सगळ्यात जास्त लोकं एकच प्रश्न घेऊन येतात, भाऊ अँड्रॉइडवरून आयफोनवर जाऊन राहिलो, सगळं येईल ना? किंवा उलटं, आयफोन झाला वापरून, परत अँड्रॉइड घेतो, काही जाणार तर नाही? काउंटरवर गर्दीत अर्धंच सांगून होते आणि नुकसान नेमकं राहिलेल्या अर्ध्यात होते, म्हणून हे लिहून काढलं. घरी न्या, शांतपणे वाचा, आणि नवीन फोन घ्यायच्या आधी वाचा, नंतर नाही.

फोटो आणि नंबर यांची फार काळजी करू नका. नंबर गुगल अकाउंटमध्ये सेव्ह असतील तर आयफोनमध्ये तेच अकाउंट टाकलं की पाच मिनिटात येऊन जातात. फक्त एकदा बघून घ्या की ते खरंच अकाउंटमध्ये आहेत, बऱ्याच मोठ्या माणसांचे नंबर अजून सिमवर नाहीतर फोनच्या मेमरीत पडलेले असतात. मेमरी कार्डवर फोटो असतील तर ते आधीच कॉम्प्युटरवर काढा कारण आयफोनला कार्डाची जागाच नसते.

खरी गोष्ट व्हॉट्सॲपची. अँड्रॉइडचा व्हॉट्सॲप बॅकअप गुगल ड्राइव्हवर जातो, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्यावर उघडत नाही. लोकांना वाटते बॅकअप घेतला म्हणजे झालं. मागच्या वर्षी नंदनवनच्या एक काकू आल्या, मुलाने प्रेमाने आयफोन घेऊन दिला, घरीच चालू केला, आणि जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊनही टाकला. काका वारले त्याला दोन वर्षं झाली होती, त्यांचे व्हॉइस मेसेज त्या जुन्या फोनात होते. ड्राइव्हवर बॅकअप होता म्हणून आम्ही दुसऱ्या एका अँड्रॉइडमध्ये काकूंचं सिम टाकून तो उतरवला, आयफोन पूर्ण पुसला, आणि तिथून पुन्हा सगळं नेलं. काकूंना आवाज परत मिळाला, पण तो बॅकअप तीन महिने जुना जरी असता तरी चाललं असतं, नसताच तर आमच्या हातात काहीच नव्हतं.

तर योग्य रस्ता असा की अँड्रॉइडमध्ये ॲपलचं मूव्ह टू आयओएस हे ॲप टाकायचं आणि नवीन आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच, म्हणजे तो अँड्रॉइडवरून डेटा आणायचा का असं विचारतो तेव्हाच, व्हॉट्सॲप निवडायचं. ही सोय २०२२ पासून आहे. दोन्ही फोन चार्जिंगला, नंबर तोच, आणि मधात फोन उचलून दुसरं काही उघडायचं नाही. आयफोन आधीच सेट करून बसले असाल तर तो पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून म्हणतो की डबा फोडून घरी खेळत बसू नका, सरळ दुकानात आणा. उलट बाजूने, आयफोनवरून अँड्रॉइडवर, केबल लावून चॅट जातात, तिथेही नवीन फोन सेट करतानाच. आणि आयफोन सोडताना सेटिंगमध्ये आयमेसेज (ॲपलची आपली मेसेज सेवा) बंद करायला विसरू नका, नाहीतर आयफोनवाल्या मित्रांनी पाठवलेले मेसेज तुमच्या नंबरवर येतच नाहीत, आणि तुम्हाला वाटते कोणी विचारून नाही राहिलं.

यूपीआयबद्दल. फोन बदलला की पैसे कुठेच जात नाहीत, ते बँकेत आहेत, पण ॲप नवीन फोनला ओळखत नाही. ओळख पटवायला ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवते, म्हणून बँकेत दिलेलं सिम त्याच फोनमध्ये पाहिजे आणि एसएमएस जाईल इतका रिचार्ज पाहिजे. सुरुवातीचे काही दिवस पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते, त्यामुळे हॉलवाल्याला किंवा कॅटररला पैसे द्यायच्या दिवशी फोन बदलू नका. ओटीपीसाठी ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्याचे कोड आधी नवीन फोनवर घ्या.

म्हणूनच आमचा आग्रह आहे की जुना फोन निदान पंधरा दिवस घरी ठेवा. एक्सचेंजमध्ये हजार-पाचशे कमी मिळाले तरी चालते.

ॲपचं थोडक्यात. प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर ही दोन वेगळी दुकानं आहेत, एकावर पैसे देऊन घेतलेलं ॲप दुसऱ्यावर फुकट मिळत नाही. दर महिन्याचं सबस्क्रिप्शन गुगलकडून घेतलं असेल तर ते तिथूनच बंद करावं लागते, ॲप डिलीट केलं म्हणून पैसे कटायचे थांबत नाहीत. आणि अँड्रॉइडवर एक धोका जास्त आहे, स्टोअरच्या बाहेरूनही ॲप टाकता येते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, नाहीतर ट्रॅफिक चलान म्हणून एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल येते, उघडून इन्स्टॉल केली की ती एसएमएस वाचते, ओटीपी तिकडे जातो आणि खातं रिकामं होते. लग्नपत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावं लागत नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. चुकून झालंच तर इंटरनेट बंद करा, १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा, बँकेला कळवा, मग आमच्याकडे या.

आता रूट. कॉलेजचे पोट्टे अजूनही विचारतात, भाऊ रूट करून देता का. अँड्रॉइड लिनक्स नावाच्या सिस्टिमवर उभं आहे आणि लिनक्समध्ये रूट म्हणजे असा युजर ज्याला कोणतीच गोष्ट नाही म्हणत नाही. साध्या फोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत असते, एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. रूट केलं आणि एखाद्या ॲपला ती परवानगी दिली की त्याला सगळ्या खोल्या उघड्या. आयफोनवर असंच काहीसं करण्याला जेलब्रेक म्हणतात.

आम्ही स्वतः एकेकाळी पुष्कळ फोन रूट केले आणि त्याची लाज नाही. तेव्हा ५१२ एमबी रॅमचे फोन होते, कंपनीचे फालतू ॲप निघत नव्हते, दुसरं अपडेट कधी येत नव्हतं, आणि सायनोजेनमॉड (कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी टाकायचं, बाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकलं की मेलेला फोन परत धावायचा. २०१६ च्या शेवटी ते बंद झालं, त्याच्या जागी लिनिएजओएस आलं, आणि पडून असलेल्या जुन्या फोनवर शिकायला ते आजही उत्तम आहे. पण रोजच्या फोनवर आम्ही आता करत नाही. रूट करायला आधी बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो आणि तो करताना फोनमधलं सगळं पुसलं जाते. नंतर बरेच बँकेचे ॲप उघडायला नाही म्हणतात. कंपनीचं अपडेट नीट बसत नाही, कधी फोन लोगोवरच अडकतो. सॅमसंगमध्ये तर नॉक्स नावाचा एक फ्यूज असतो, तो एकदा उडाला की परत येत नाही, मग ओरिजिनल सॉफ्टवेअर टाकलं तरी सिक्युअर फोल्डर (खाजगी फाइलींचा कुलूपबंद कप्पा) कायमचं गेलं. वॉरंटीचा वाद वेगळाच. ज्या फोनमध्ये तुमची बँक आहे त्यात हे करू नका.

अपडेट म्हटलं की लोकं तीन गोष्टी एकात मिसळतात. ॲपचं अपडेट स्टोअरमधून येते. सिक्युरिटी पॅच येतो, त्यात दिसायला काहीच बदलत नाही पण चोराची वाट बंद होते, तो कधीच टाळू नका. आणि मोठं व्हर्जन, अँड्रॉइड १५ चं १६ किंवा आयओएस १८ चं २६ (मधले आकडे गाळले, ॲपलने वर्षाप्रमाणे नंबर द्यायला सुरुवात केली), ते आठ-दहा दिवस थांबून टाकलं तरी बिघडत नाही.

अपडेटनंतर एकदोन दिवस फोन गरम होते, बॅटरी पटपट उतरते, कारण आतमध्ये फोटो आणि फाइलींची पुन्हा मांडणी चालू असते. लगेच घाबरून येऊ नका. आठवड्यानंतरही तसंच असेल तर या, बहुतेक वेळा बॅटरी जुनी झालेली नाहीतर स्टोरेज गच्च भरलेलं निघते. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ ला असताना, दुपारी अपडेट लावूच नका. ॲपल स्वतः आयफोन ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. रात्री, कूलरच्या खोलीत, कव्हर काढून, निदान अर्धी बॅटरी असताना लावा.

नवीन किंवा सेकंडहँड घेताना अपडेट किती वर्षं राहिले ते आधी विचारा, कॅमेरा नंतर. गुगलने पिक्सेल ८ आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून त्यांच्या महागड्या फोनना ७ वर्षं कबूल केली आहेत, बऱ्याच स्वस्त मॉडेलला तेवढी नसतात. जुना आयफोन स्वस्तात मिळून राहिला म्हणून घेऊ नका, मे २०२५ पासून आयफोन ६ वर व्हॉट्सॲपच बंद झालं. सेकंडहँड असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, काढा आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासा.

दुकानात येताना दोन्ही फोन, दोन्ही चार्जर, सिम आणि गुगल नाहीतर ॲपलचा पासवर्ड आणा. जुना फोन देऊन टाकायच्या दिवशी आधी अकाउंटमधून साइन आउट, मग रीसेट, नाहीतर घेणाऱ्याला फोन तुमचाच पासवर्ड मागत बसतो. आणि आईबाबांचा फोन असेल तर पासवर्ड ज्याने टाकला होता त्या पोराला किंवा पोरीला सोबत आणा, पुण्याला असेल तर निदान फोनवर धरून ठेवा.