दोन तासांचे अंतर कुठे पुरते आणि कुठे नाही: इट्राकोनॅझोलची कॅप्सूल आणि सोबतची औषधे

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात पावसाळ्याचे दोन-तीन महिने कपडे धड वाळत नाहीत, आणि ओल्या अंगाने शेतात राबणाऱ्यांच्या जांघेत, कमरेला, काखेत गजकर्ण उठते. नुसत्या मलमाने ते हटले नाही, की त्वचारोगतज्ज्ञ बहुधा इट्राकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाची कॅप्सूल लिहून देतात. रुग्णाला आधीपासून रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या किंवा पित्ताच्या गोळ्या चालू असल्या, तर ‘दोन्हींमध्ये दोन तासांचे अंतर ठेवा’ हा सल्ला मेडिकलमध्येही मिळतो आणि घरातही. सल्ला खोटा नाही. मात्र औषधे एकमेकांत ढवळाढवळ करतात ती दोन अगदी वेगळ्या ठिकाणी, एक पोटात आणि दुसरी यकृतात, आणि तासांचे अंतर कामाला येते ते यांपैकी पहिल्याच ठिकाणी, तेही दर वेळी नाही.

आधी पोटाचे पाहू. इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला विरघळायला जठरातील आम्ल लागते, आणि विरघळल्याशिवाय ते रक्तात जात नाही. म्हणूनच साधी कॅप्सूल पोटभर जेवण झाल्याबरोबर घ्यायची असते. जेवणानंतर छातीत जळजळते म्हणून कोणी त्याच वेळी ॲन्टासिडचे पातळ औषध घेतले, तर आम्ल मारले जाते आणि कॅप्सूलचा बराचसा भाग न विरघळताच पुढे निघून जातो. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी हेच करते. शंखभस्मही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच असते, परंतु घरातली माणसे त्याला औषधात धरत नाहीत आणि डॉक्टरांपुढे त्याचे नावही निघत नाही. या साऱ्यांचा परिणाम थोडा वेळच टिकत असल्याने येथे अंतर खरोखर उपयोगी पडते: कॅप्सूलच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास ॲन्टासिड टाळले, की प्रश्न बहुतांशी मिटतो.

ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या-कॅप्सुलांना लोक ‘गॅसची गोळी’ म्हणून ॲन्टासिडच्याच पंक्तीला बसवतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी आहे. ही औषधे तयार झालेले आम्ल मारत नाहीत, तर आम्ल तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात. पॅन्टोप्राझोल स्वतः काही तासांत रक्तातून जवळजवळ नाहीसे होते. बंद पडलेली यंत्रणा मात्र एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ बंदच राहते. सकाळी अनशापोटी ही गोळी घेऊन रात्री जेवणानंतर इट्राकोनॅझोल घेणाऱ्याला वाटते की आपण बारा तासांचे अंतर ठेवले आहे, परंतु त्याच्या पोटात आम्ल रात्रीही कमीच असते. ओमेप्राझोल चालू असताना रक्तात पोचणारे इट्राकोनॅझोल सुमारे दोन-तृतीयांशाने घटल्याचे आढळलेले आहे. पित्ताची गोळी थांबवता येण्यासारखी नसेल, तर कॅप्सूल साखर असलेल्या कोलासारख्या आम्लयुक्त पेयासोबत घेण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. शुगरच्या रुग्णाने ती परस्पर अमलात आणू नये, हे वेगळे सांगायला नको. याच औषधाचा ‘सुपर बायोअव्हेलेबल’ म्हणून विकला जाणारा प्रकार आम्लावर इतका अवलंबून नसतो. त्याचे मिलिग्रॅमचे आकडेही वेगळे असतात, त्यामुळे दुकानात एक प्रकार नाही म्हणून दुसरा उचलणे चुकीचे ठरते.

आता यकृत. तेथे आणि आतड्याच्या अस्तरात सीवायपी 3ए4 नावाचे एक एन्झाइम असते, आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी फार मोठा वाटा त्याच्याच हातून मोडला जाऊन शरीराबाहेर पडतो. इट्राकोनॅझोल या एन्झाइमचे काम रोखते. मग ज्या दुसऱ्या औषधाचा निचरा त्यावर अवलंबून असतो, ते रक्तात साचत जाते. रोजचीच एक गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात जणू कित्येक गोळ्यांइतके औषध फिरू लागते. कोलेस्टेरॉलसाठीच्या सिम्व्हास्टॅटिनचे प्रमाण अशा वेळी दहापटीने किंवा त्याहूनही अधिक वाढते, स्नायू झिजू लागतात, आणि स्नायूंतून सुटलेले प्रथिन मूत्रपिंडावर येऊन आदळते. म्हणून सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन इट्राकोनॅझोलसोबत पूर्णपणे वर्ज्य आहेत. आपल्याकडे सर्वाधिक दिसणाऱ्या ॲटोर्व्हास्टॅटिनचेही प्रमाण वाढते, आणि त्याचा डोस कमी करायचा की ते काही काळ थांबवायचे हा निर्णय डॉक्टरांना घ्यावा लागतो. रोसुव्हास्टॅटिनचा निचरा मुख्यतः या वाटेने होत नाही. रक्तदाबाचे ॲम्लोडिपिन वाढले की घोट्यांवर सूज येते, चिंता-अस्वस्थतेवरचे अल्प्राझोलाम वाढले की दिवसाढवळ्या गुंगी राहते.

येथे सकाळ-संध्याकाळचे अंतर का चालत नाही, याचे कारण साधे आहे. नियमित डोस सुरू झाल्यावर इट्राकोनॅझोलचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे दीड दिवस लागतो. सकाळची कॅप्सूल रात्रीही तेथेच असते, दुसऱ्या दिवशीही असते, आणि एन्झाइम चोवीस तास अडवलेलेच राहते.

हा धोका कागदावरचा नाही. टरफेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध एकेकाळी जगभर निर्धोक म्हणून खपत होते. इट्राकोनॅझोलच्याच कुळातील कीटोकोनॅझोलसोबत ते घेतलेल्या एका स्त्रीच्या हृदयाची लय घातक रीतीने बिघडल्याची नोंद 1990 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि 1998 मध्ये टरफेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेले. ते गेले, तरी त्याच तऱ्हेचा धोका असलेले एक औषध आपल्या घराघरांत आहे, आणि ते म्हणजे डॉम्पेरिडोन.

पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र भरलेली कॅप्सूल आपल्याकडे पित्तावर इतकी सर्रास दिली जाते, की पुष्कळांना तिच्यात दोन औषधे आहेत याचाही पत्ता नसतो. ती इट्राकोनॅझोलबरोबर चालू असली, तर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी बिघाड होतो, आणि तोही उलट दिशांनी. तिच्यातील पॅन्टोप्राझोल पोटात इट्राकोनॅझोलला विरघळू देत नाही, त्यामुळे गजकर्ण हटत नाही. तरीही जेवढे इट्राकोनॅझोल रक्तात पोचते, ते यकृतात डॉम्पेरिडोनचा निचरा अडवते आणि हृदयाची लय धोक्यात आणते. ही जोडी वर्ज्य म्हणूनच नोंदलेली आहे. माझ्या मते, त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना दुसरे काही सांगायचे राहिले तरी चालेल, पण ‘पित्ताची एक कॅप्सूल घेतो’ हे वाक्य राहता कामा नये.

यकृतातील बिघाड उलटाही होतो. क्षयरोगाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन, किंवा फिटसाठी दिली जाणारी फेनिटोइन व कार्बामॅझेपिन ही औषधे एन्झाइम वाढवतात, आणि मग इट्राकोनॅझोलच इतक्या वेगाने मोडले जाते की ते घेऊन न घेतल्यासारखे होते. यातही घड्याळ पाहून काही साधत नाही. क्षयाचा किंवा फिटचा उपचार थांबवणे हा तर यावर उपाय नव्हेच. बुरशीसाठी दुसरे औषध निवडता येते.

रुग्णाला हे दोन प्रकार ओळखू येतात ते कोणत्या औषधाचे काम बिघडले यावरून. पोटातील बिघाड मुका असतो: काहीच दुखत नाही, फक्त तीन आठवडे झाले तरी खाज तशीच राहते आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलला जातो. यकृतात एन्झाइम अडले, तर मात्र कॅप्सूल आपले काम चोख करते, गजकर्णही सुकते, आणि त्रास भलत्याच औषधाचा होतो. मांड्या-पोटऱ्यांत विनाकारण दुखणे, लघवी गडद तपकिरी होणे, छातीत धडधडणे, भोवळ येणे यांचा संबंध जांघेतल्या बुरशीच्या औषधाशी असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अशी लक्षणे दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सीमाभागात यात आणखी एक गुंता पडतो. त्वचेचे डॉक्टर बेळगावचे असतात, हृदयाची फाइल मिरजेची किंवा कोल्हापूरची असते, आणि पित्ताची कॅप्सूल गावातल्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आलेली असते; एका डॉक्टरने काय लिहिले ते दुसऱ्याला कळायची कोणतीच वाट नसते. त्यात स्ट्रिप कापून दिलेली असते, आणि कापलेल्या चार गोळ्यांवर ठळक ब्रँडनावाचा अर्धा तुकडाच उरतो. ब्रँड दुकानागणिक बदलतो आणि जनऔषधी केंद्रात तो नसतोच, म्हणून पाहायचे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पूर्ण स्ट्रिपा, दम्याचे पंप, भस्मे, चूर्णे पिशवीत घालून सोबत न्यावीत, आणि दुकानदाराला कापलेली नव्हे, तर नाव छापलेल्या बाजूची पट्टी मागावी. कोणती गोळी थांबवायची हे मात्र आपण ठरवू नये. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी घाबरून परस्पर बंद करणे हे कधीकधी मूळ धोक्यापेक्षाही महागात पडते.

कोर्स संपल्यावर कॅप्सूल संपते, तिचा अंमल संपत नाही. इट्राकोनॅझोल रक्तातून जवळजवळ नाहीसे व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात, आणि यकृताचा आजार असलेल्यांत त्याहूनही जास्त. या काळासाठी कोलेस्टेरॉलवरचे स्टॅटिन बंद ठेवायला सांगितले असेल, तर ते पुन्हा कोणत्या तारखेपासून सुरू करायचे हे डॉक्टरांकडून त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावे.