एअर फ्रायरचे वेफर्स आणि 'तेलाचा थेंबही नको' ही थाप

एअर फ्रायर आल्यापासून एक वाक्य सगळीकडे फिरतंय, की तेलाचा थेंबही न घालता 200 डिग्रीवर ठेवा, कुरकुरीत वेफर्स तयार. नाही होत हो! कडा काळ्या, मधला भाग चिवट, हेच हाती येतं.

मुळात त्यात काही तळलं जात नाही, तो पंखा लावलेला छोटा ओव्हनच आहे. गरम तेल बटाट्याच्या चकतीला सगळीकडून चिकटतं आणि भराभर उष्णता देतं, हवेला ते तितकं जमत नाही, म्हणून आच वाढवली की आतलं पाणी उडायच्या आधीच कडा करपतात. त्यापेक्षा 150-160 डिग्री ठेवायचं, 15-20 मिनिटं लागली तर लागू द्या, मधेमधे हलवायचं आणि थर एकच (पातळ चकत्या पंख्याकडे उडतात, वरून जाळी ठेवा). दोन बटाट्यांना चमचाभर तेल मात्र हवंच, त्याने रंगही सारखा येतो आणि मसालाही धरतो.

चकत्या अर्धा तास पाण्यात ठेवून वरचा स्टार्च काढायचा आणि मग खरंच कोरड्या पुसायच्या, इथेच सगळे आळस करतात. फ्रिजमधला बटाटा नको, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि वेफर्स लगेच काळपट पडतात.

तिखट, आमचूर, पुदिना पावडर बाहेर काढल्यावर गरम असतानाच, आधी घातलं तर तिखट जळतं आणि घरभर ठसका. बाहेर काढल्यावर थोडे मऊ वाटतील, गार झाले की कडक होतात.