एसडी कार्डे आणि एक्सफॅटची सक्ती : पार्श्वभूमी

मोठ्या एसडी कार्डांवर एक्सफॅट ही फाइल सिस्टीम (फाइली साठवण्याची पद्धत) सक्तीची करणे योग्य होते का, हा वाद समजण्यासाठी आधी जुनी साधने पाहू. 3.5 इंची एचडी (हाय-डेन्सिटी) फ्लॉपीवर 80 ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर 18 सेक्टर आणि सेक्टरमध्ये 512 बाइट, म्हणजे 14,74,560 बाइट मावत. ही मांडणी सर्वत्र एकच असल्यामुळे ती टिकली. 100 एमबीची झिप डिस्क क्षमतेत कितीतरी पुढे होती, पण झिप ड्राइव्हमध्ये फ्लॉपी बसतच नसे. पुढे कॉम्पॅक्टफ्लॅश (1994), मेमरी स्टिक (1998), एसडी (1999), एक्सडी (2002) अशी कार्डे आली आणि कॅमेरा बदलला की कार्डही बदलावे लागे.

त्यांत एसडी जिंकले, पण आकार तोच ठेवून आतली रचना बदलत गेली. मूळ एसडीत पत्ता (डेटा कार्डावर कुठे आहे ते सांगणारा आकडा) बाइटमध्ये मोजला जाई आणि मानकानुसार क्षमता 2 जीबीपर्यंतच होती. 2006 च्या एसडीएचसीत तो 512 बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजला जाऊ लागला. म्हणूनच एसडीएचसी कार्ड जुन्या रीडरमध्ये नीट बसते, पण वाचले जात नाही. उलट, जुने कार्ड नव्या रीडरमध्ये चालते.

खरा वाद 2009 चा. 32 जीबीच्या वरच्या एसडीएक्ससी कार्डांसाठी एक्सफॅट ही फाइल सिस्टीम ठरवण्यात आली. बाजूने सांगितले जाणारे कारण रास्त आहे: फॅट32 या जुन्या फाइल सिस्टीममध्ये एक फाइल 4 जीबीपर्यंतच जाते, त्यामुळे लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. मात्र 32 जीबी ही फॅट32 ची मर्यादा नव्हे. 512 बाइटच्या सेक्टरवर ती 2 टीबीपर्यंत जाते. 32 जीबीची अट एका प्रचलित ऑपरेटिंग सिस्टीमच्या फॉरमॅट करणाऱ्या साधनाची होती. त्यात एक्सफॅट पेटंटखाली होती आणि तिचे तपशील ऑगस्ट 2019 मध्येच खुले झाले. मानक ठरवतानाच हे तपशील खुले करून घ्यायला हवे होते. तसे न झाल्याने लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींना दहा वर्षे वेगळ्या ड्रायव्हरवर (जोड-सॉफ्टवेअरवर) भागवावे लागले.

एसडीएक्ससीत पत्त्याची पद्धत एसडीएचसीचीच असल्याने 64 जीबीचे कार्ड फॅट32 मध्ये फॉरमॅट केल्यास अनेक जुन्या उपकरणांत चालते. क्लस्टर (फाइलसाठी एका वेळी दिली जाणारी सर्वांत लहान जागा) 32 केबीचा ठेवावा. अनोळखी कार्ड घातल्यावर उपकरणाने ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले, तर आधी ‘नाही’ म्हणावे, एक्सफॅट वाचणाऱ्या संगणकावर फाइली उतरवून घ्याव्यात आणि मगच फॉरमॅट करावे. लिहिणे चालू असताना कार्ड ओढू नये: एक्सफॅटमध्ये फॅट तक्त्याची (फाइलींचे भाग कुठे आहेत याच्या नोंदीची) सहसा दुसरी प्रत नसते.