पीएमडीडीसाठी निधी गोळा करताना पोस्टरमागे तक्ता छापा

पीएमडीडी म्हणजे पाळीआधीच्या दिवसांत मनःस्थिती तीव्रपणे बिघडवणारा आजार. तो असलेल्या स्त्रीच्या हार्मोन तपासणीचा अहवाल बहुधा नॉर्मल येतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अहवालात काही नाही म्हणजे सगळे मनाचे खेळ, असं तिला ऐकवलं जातं. मुळात या आजारात हार्मोनचं प्रमाण बिघडलेलंच नसतं. दर महिन्याच्या नेहमीच्या चढउतारांना मेंदू वेगळा प्रतिसाद देतो.

1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात हे स्पष्ट दिसलं. पाळीआधी तीव्र त्रास होणाऱ्या स्त्रियांना ल्युप्रोलाइड हे औषध देऊन बीजांडकोशांचं काम तात्पुरतं थांबवलं, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकींची लक्षणं ओसरली. मग इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन देताच ती परतली. असा त्रास नसलेल्या स्त्रियांना हीच हार्मोन्स दिली, पण त्यांच्या मनःस्थितीत फरक पडला नाही. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतल्या गाबा रिसेप्टरवर (मेंदूची उत्तेजना कमी करणाऱ्या गाबा या रसायनाच्या ग्राहकावर) काम करतं आणि एरवी मन शांत करतं. पीएमडीडीत त्याचा परिणाम उलटा होत असावा, असं अनेक संशोधकांना वाटतं. म्हणूनच जागृतीच्या पत्रकात 'हार्मोनचं असंतुलन' हे शब्द घालू नयेत. ते वाचून बायका पुन्हा त्याच तपासण्यांवर पैसे घालवतात.

पीएमएस, म्हणजे पाळीआधीचा नेहमीचा त्रास, पुष्कळ जणींना होतो, पीएमडीडी थोड्यांना. रोजच्या नोंदींवरून खात्री केलेल्या रुग्णांचं प्रमाण सुमारे 1.6 टक्के, असं 2024 च्या एका आढाव्यात दिसलं. अमेरिकी मनोविकार संहितेने 2013 साली या आजाराला स्वतंत्र स्थान दिलं. निदानासाठी 11 पैकी किमान 5 लक्षणं लागतात. त्यांपैकी निदान एक तरी मनःस्थितीतले टोकाचे बदल, राग-चिडचिड, निराशा किंवा तीव्र चिंता यांतलं असावं लागतं. शिवाय त्याने काम, शिक्षण किंवा नातेसंबंध विस्कटलेले असावे लागतात.

निदान होतं ते नोंदींवर. सलग दोन पाळीचक्रं, रोज रात्री, प्रत्येक लक्षणाला 1 ते 6 गुण: 1 म्हणजे अजिबात नाही, 6 म्हणजे अतितीव्र. रक्तस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस. तक्त्यात 31 नव्हे, 40 रकाने ठेवा, म्हणजे लांब चक्र असलेल्यांचे शेवटचे, नेमके महत्त्वाचे दिवस कागदाबाहेर जात नाहीत. 11 लक्षणांच्या ओळींखाली कामावर झालेला परिणाम, नात्यांवर झालेला परिणाम आणि घेतलेली औषधं यांच्यासाठी तीन ओळी हव्यात. आठवड्याची नोंद एकदम भरली की तक्ता वाया गेलाच म्हणून समजा. आठवणीतून लिहिताना आपण नकळत सगळं पाळीच्या माथी मारतो. एखादा दिवस चुकला तर तो रकाना कोराच ठेवावा.

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात आकडे 1-2 वर उतरतात का, हे सर्वांत आधी पाहायचं. तेव्हाही ते 3-4 वर रेंगाळत असतील आणि पाळीआधी 6 वर जात असतील, तर मुळात नैराश्यासारखा दुसरा आजार असून तो पाळीआधी बळावत असण्याची शक्यता जास्त. बायपोलर आजार तर तपासायलाच हवा, कारण पीएमडीडीवर प्रथम दिली जाणारी एसएसआरआय गटातली नैराश्यविरोधी औषधं त्यात उन्माद वाढवू शकतात. नैराश्यात या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत बरेचदा काही दिवसांतच येतो. त्यामुळे काही जणींना डॉक्टर ती महिन्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागापुरतीच देतात. ड्रॉस्पिरेनोन हे कृत्रिम हार्मोन असलेली, 24 दिवस सक्रिय आणि 4 दिवस निष्क्रिय अशा मांडणीची गर्भनिरोधक गोळी हा आणखी एक पर्याय.

पीएमडीडी जागृतीसाठी एप्रिल महिना पाळला जातो. त्या निमित्ताने निधी गोळा करण्याची मोहीम काढणाऱ्यांना आमचा आग्रह आहे: पोस्टरच्या मागच्या बाजूला हा तक्ता छापा. नुसतं 'असा आजार असतो' एवढं कळून स्त्री डॉक्टरकडे रिकाम्या हाताने गेली, तर ती बहुधा रिकाम्या हातानेच परत येते. या तक्त्याऐवजी लक्षणांची प्रचलित प्रश्नावली वापरायची असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्या.

पैशाचं आधी ठरवून लिहून ठेवा: किती छपाईला, किती संशोधनाला, किती मदतवाहिनीवरच्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला. दुसऱ्या संस्थेसाठी गोळा करत असाल तर तिची नोंदणी तपासा, नाव वापरण्याची लेखी संमती घ्या. दानपेटी सीलबंद असावी, ती दोघांनी मिळून उघडावी, तिथेच मोजून सह्या कराव्यात. मोहिमेचा खर्च वजा करणार असाल तर देणाऱ्याला ते आधीच सांगा.

मदतवाहिनीचा वाटा कापू नका. पीएमडीडी असलेल्या स्त्रियांच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत सुमारे एक तृतीयांश जणींनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं. स्वतःहून भाग घेतलेल्यांची ही पाहणी आहे, त्यामुळे हा आकडा सर्व रुग्णांना लावता येत नाही. तरीही प्रत्येक पत्रकावर तातडीच्या मदतीचा क्रमांक हवाच, आणि छापण्याआधी तो स्वतः लावून पाहा.

स्वयंसेवकांमध्ये हा आजार असलेल्या स्त्रिया असतातच. त्यांचे कठीण दिवस साधारण आधी कळतात, म्हणून प्रत्येक जबाबदारीवर दोन नावं लिहा आणि कार्यक्रमाची तारीख ठरवण्यापूर्वी दोघींनाही विचारा.