फुले, निळू

फुले, निळू : (१९३०च्या सुमारास – १३ जुलै २००९). मराठी रंगभूमी आणि चित्रपटांतील श्रेष्ठ चरित्र अभिनेते. पूर्ण नाव निळकंठ कृष्णाजी फुले. जन्म पुण्यात, बेताच्या परिस्थितीतल्या मोठ्या कुटुंबात. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास ते पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून नोकरीला लागले. स्वतःची रोपवाटिका काढायचे त्यांच्या मनात होते, पण भांडवलाअभावी ते जमले नाही. महिन्याचा पगार ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये ते राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेला देत. नट म्हणून त्यांची घडण झाली ती याच सेवा दलात, आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या भूमिकांचा अर्थ नीट लागत नाही.

सेवा दलाचे कलापथक गावोगाव फिरून समाजवादी विचार लोकनाट्यातून मांडत असे. तमाशातले गण (आरंभीचे गणेशस्तवन), गवळण, बतावणी (हजरजबाबी विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य) हे सगळे या मंडळींनी आपलेसे केले होते. १९५७च्या निवडणुकीच्या सुमारास फुल्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य स्वतः लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’ या वगनाट्यातल्या रोंगे या भूमिकेने त्यांचे नाव झाले. शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने तर त्यांना महाराष्ट्रभर नेले, या वगाचे दोन हजारांहून अधिक प्रयोग झाले. वगनाट्यात संहितेइतकेच महत्त्व हजरजबाबीपणाला असते. समोर बसलेल्या लोकांचा रागरंग बघून बतावणी लांबवायची की आवरती घ्यायची, हे नटाला उभ्याउभ्या ठरवावे लागते. कुठे थांबायचे याची जी नेमकी जाण फुल्यांच्या अभिनयात दिसते, तिचे मूळ या प्रयोगांत आहे. शिवाय या भटकंतीत त्यांनी सरपंच, सावकार, सोसायटीचे चेअरमन, तालुक्याचे पुढारी अगदी जवळून पाहिले.

चित्रपटातले पदार्पण अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटात, झेलेअण्णा या भूमिकेत. त्यानंतर ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘पिंजरा’ (१९७२) आणि पुढची दोन-तीन दशके असंख्य ग्रामीण व तमाशाप्रधान चित्रपट. पाटील, सरपंच, साखरसम्राट, वाड्यावरचा लंपट मालक अशा भूमिकांचा एक साचाच त्यांच्याभोवती तयार झाला. खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांना खरोखर शिव्याशाप देत, आणि फुले ती आपल्या कामाची पावती मानत. ‘बाई, वाड्यावर या’ हे वाक्य आज त्यांच्या नावाला इतके चिकटले आहे की त्यांची नक्कल करणारा प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. या नकलेने त्यांच्यावर थोडा अन्यायच केला आहे, कारण नकलाकार आवाज चढवतात आणि फुले तो उतरवत. त्यांचा खलनायक क्वचितच ओरडतो. मान किंचित कलती, डोळे अर्धवट मिटलेले, आवाज घोगरा आणि खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी शब्द जरासा लांबवलेला. ज्याचा हुकूम गावात कधी मोडलाच जात नाही, त्याला ओरडायची गरज काय?

याचा उत्तम नमुना म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७५च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता. सहकारी साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील हा एका दारुड्या, मोडून पडलेल्या गांधीवादी मास्तरला वाड्यावर आणतो. मास्तरच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हिंदुराव त्याला खाऊपिऊ घालतो, आपला कारखाना आणि आपण उभे केलेले सगळे वैभव अभिमानाने दाखवतो. या पाहुणचारात खोटेपणा नाही आणि इथेच फुल्यांची समज दिसते. हिंदुरावाला आपण गावाचे भले केले असे मनापासून वाटते. त्याचा अभिमान खरा आहे. म्हणूनच मास्तर जेव्हा नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागतो, तेव्हा त्या आत्मविश्वासाला हळूहळू पडत जाणारे तडे आपण पाहतो. फुले ते सारे चेहऱ्याच्या अगदी बारीक हालचालींतून दाखवतात. लागूंच्या बोलक्या, अस्वस्थ मास्तरसमोर हा सबुरीचा अभिनय जराही झाकोळत नाही. मराठी चित्रपटात दोन नटांची अशी बरोबरीची झुंज फार थोड्या वेळा झाली आहे.

पटेलांच्याच ‘सिंहासन’मध्ये (१९७९) त्यांनी साचा पूर्ण मोडला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात ते पत्रकार दिगू टिपणीस झाले. मंत्रालयापासून कामगार पुढाऱ्यापर्यंत सगळीकडे वावर असलेला, सगळे ठाऊक असलेला आणि काहीच करू न शकणारा हा माणूस अखेरीस रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो.

रंगभूमीवर त्यांचे सर्वांत धाडसी काम तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मधले. कमलाकर सारंग यांनी १९७२मध्ये हे नाटक उभे केले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या नियमांनी ठेवणारा, शिवराळ, रांगडा आणि स्वतःपुरता प्रामाणिक असा पुस्तकबांधणी कामगार फुल्यांनी साकारला. या बायकांपैकी चंपा होती लालन सारंग यांची. नाटकांच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. सखारामची भाषा शहरी नटाच्या तोंडी सहज नाटकी झाली असती. फुल्यांच्या तोंडून ती त्या माणसाचीच वाटली. पुढे जयवंत दळवी यांच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी अप्पाजी हा वृद्ध गांधीवादी रंगवला, ज्याचा मुलगाच सत्तेत जाऊन भ्रष्ट झाला आहे. ज्यांनी फक्त त्यांचे पाटील पाहिले होते, त्यांना ही भूमिका म्हणजे धक्काच होता.

हिंदीत ‘कुली’ (१९८३), ‘वो सात दिन’ (१९८३), ‘मशाल’ (१९८४) असे बरेच चित्रपट झाले. त्यांतले लक्षात राहण्याजोगे काम ‘सारांश’मधल्या (१९८४) गजानन चित्रे या राजकीय गुंडाचे. एरवी हिंदीने त्यांना त्यांच्या ताकदीच्या भूमिका फारशा दिल्या नाहीत.

पडद्यावरची प्रतिमा आणि खरा माणूस यांत दोन टोकांचे अंतर होते. सेवा दलाचे संस्कार त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर होते. पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू, तनुजा आदी कलावंतांसह त्यांनी ‘लग्नाची बेडी’ या नाटकाचे प्रयोग गावोगाव केले. एके काळी पगारातून दहा रुपये बाजूला काढणाऱ्या या माणसाने नाव झाल्यावर ते नावच चळवळीच्या कामी लावले.

‘सामना’सह काही चित्रपटांसाठी त्यांना राज्य शासनाचे पुरस्कार मिळाले, १९९१मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ (२००९) हा त्यांच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या गार्गी फुले-थत्ते याही अभिनेत्री आहेत.