ओणवं होऊन सुटणारा गडी

अथेन्स, १८९६. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमधल्या १०० मीटर शर्यतीचा एक जुना फोटो आहे. रेषेवर कुणी नुसतंच पुढे झुकलंय, कुणी हात पुढे-मागे करून उभं आहे. बोस्टनचा टॉमस बर्क मात्र बोटं जमिनीला टेकवून ओणवा झालाय. शर्यत त्यानंच जिंकली, १२ सेकंदांत.

अमेरिकेतल्या कॉलेजांत ही युक्ती तोवर मुरली होती. १८८८ साली येलचा चार्ल्स शेरिल असा ओणवा होऊन धावला. त्याचे प्रशिक्षक माइक मर्फी यांना याचं श्रेय देतात. ऑस्ट्रेलियाचा आदिवासी धावपटू बॉबी मॅकडोनाल्ड म्हणे, मी आधीच असा बसायचो, तेही थंड वाऱ्यापासून अंग वाचवायला! मला तर ही दुसरी गोष्ट जास्त आवडते.

पण बसल्यानं वेग कसा वाढतो? भिंतीला टाचा लावून ताठ उभे राहा आणि एकदम पळायला बघा. पहिला क्षण पळण्यात जात नाही, पुढे झुकण्यात जातो. आपण जमिनीला मागे रेटतो तेव्हा जमीन आपल्याला पुढे रेटते, हे न्यूटनचं गणित. हा रेटा गुरुत्वमध्याच्या, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरतात त्या बिंदूच्या, फार खालून गेला, तर पाय पुढे निघतात आणि धड मागे राहतं. ताठ माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, बरोबर पावलांच्या वर असतो. ओणवं झालं की तो खाली येतो आणि पावलांच्या पुढे सरकतो, मग जोरदार तिरका रेटाही त्याच्या जवळून जातो, तोल जात नाही. शिवाय दुमडलेला गुडघा सरळ होईपर्यंत पाय जमिनीला ढकलत राहतो. खो-खोत खो मिळायची वाट बघत बसलेला गडी आठवा: एक पाऊल मागे, हात जमिनीवर.

अडचण एकच, मागचा पाय घसरायचा. ट्रॅक राखेचा, भुसभुशीत. मग धावपटू खुरपं घेऊन यायचे आणि रेषेमागे पावलांपुरते दोन खड्डे खणायचे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा धावपटू जेसी ओवेन्स यानंही असेच खड्डे खणले होते. पाय टेकवायचे ठोकळे १९२० च्या दशकाच्या शेवटी निघाले खरे, पण ऑलिंपिकमध्ये ते दिसले १९४८ मध्ये, लंडनला.